एनसीव्ही तपासणी आणि निरोगी शरीर : उंची, वय, वजन आणि तापमान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी, म्हणजे मज्जातंतूतील संदेशाचा वेग) या मज्जातंतूंच्या तपासणीचा अहवाल हाती पडला की बहुतेक जण आधी तारांकित किंवा ठळक छापलेला आकडा शोधतात आणि तिथेच थबकतात. तपासणी कक्षात काम करताना आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न बहुधा अशाच एखाद्या आकड्यापाशी सुरू होतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. ही माहिती निरोगी प्रौढांपुरती आहे. लहान मुलांचे निकष वेगळे असतात, आणि अहवालावरून निदान करणे हे आपल्या डॉक्टरांचेच काम आहे.

१. एनसीव्ही तपासणीत नेमके काय मोजतात?

त्वचेवरून मज्जातंतूला विजेचा अगदी छोटा झटका देतात आणि तो संदेश पुढे पोहोचला की स्नायूवर किंवा बोटावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून त्याची लाट टिपतात. त्या लाटेवरून तीन गोष्टी कळतात. झटका दिल्यापासून लाट उमटेपर्यंत लागलेला वेळ म्हणजे लेटन्सी. ती मिलिसेकंदांत मोजतात. लाट किती मोठी आहे ते ॲम्प्लिट्यूड सांगते. ते स्नायूच्या प्रतिसादात मिलिव्होल्टमध्ये आणि संवेदी प्रतिसादात मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट लहान एककात, मोजले जाते. तिसरा आकडा वेगाचा. समजा मनगटापाशी झटका दिल्यावर ३.४ मिलिसेकंदांनी लाट आली, कोपरापाशी दिल्यावर ७.४ मिलिसेकंदांनी आली आणि टेपने मोजलेले दोन जागांमधले अंतर २२० मिलिमीटर भरले. तर ४ मिलिसेकंदांत २२० मिलिमीटर, म्हणजे वेग ५५ मीटर/सेकंद झाला. प्रौढांमध्ये हाताच्या मज्जातंतूंचा वेग साधारण ५० च्या पुढे आणि पायांच्या मज्जातंतूंचा साधारण ४० च्या पुढे अपेक्षित असतो.

बोलताना आपण रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही. या तपासणीचा रक्तवाहिन्यांशी संबंध नाही.

२. माणूस निरोगी असेल तर सगळ्यांचे आकडे सारखे का येत नाहीत?

मज्जातंतूतील संदेशाचा वेग तंतूच्या जाडीवर आणि त्याच्याभोवतीच्या मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाच्या आवरणावर अवलंबून असतो. हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतील वेग पहिल्यांदा मोजला आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. त्याआधी हा वेग मोजताच येणार नाही, असे जाणकारांनाही वाटत असे. पुढे जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी जाड तंतू वेगवान आणि बारीक तंतू संथ असतात हे दाखवून दिले, आणि त्यांना १९४४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आवरण असलेल्या तंतूंसाठी ढोबळ हिशेब असा की जाडी एका मायक्रोमीटरने वाढली की वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरने वाढतो.

मात्र शरीराची वैशिष्ट्ये आकड्यांवर दोन अगदी वेगळ्या वाटांनी परिणाम करतात, आणि हा भेद ध्यानात ठेवला तर पुढची उत्तरे सोपी होतील. तापमान, वय आणि उंची यांमुळे मज्जातंतू खरोखरच वेगळा वागतो. त्वचेखालची चरबी, बोटाची जाडी आणि सूज यांमुळे मज्जातंतू जसाच्या तसा असतो, पण त्याचा संदेश इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचेतो क्षीण होतो. पहिल्या गटाचा परिणाम वेगावर आणि काही वेळा ॲम्प्लिट्यूडवरही दिसतो. दुसऱ्या गटाचा जवळजवळ फक्त ॲम्प्लिट्यूडवर दिसतो.

३. माझे हातपाय नेहमी थंड असतात. त्याने अहवाल बिघडतो का?

होय, आणि निरोगी माणसाच्या अहवालात दिसणाऱ्या खोट्या दोषांचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. हाताचे तापमान एका अंश सेल्सिअसने उतरले की वेग सेकंदाला साधारण १.५ ते २.५ मीटरने कमी होतो आणि मनगटापासूनची लेटन्सी सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढते. रुग्ण पावसात भिजून आलेला असतो, किंवा एसीच्या खोलीत अर्धा तास बसून असतो. पंजाच्या मागच्या बाजूला तापमापक टेकवला तर २९ अंश दाखवतो. त्याच अवस्थेत मोजले तर वेग ४७ येतो आणि अहवालात तारा उमटतो. तोच हात कोमट पाण्यात ठेवून ३३ अंशांपर्यंत आणला की तोच मज्जातंतू ५४-५५ चा वेग दाखवतो. यात उपचार काहीच झालेला नसतो, केवळ हात गरम झालेला असतो.

थंडीत असे होते, कारण तंतूच्या पटलातील सोडियमची द्वारे सावकाश उघडतात आणि उघडल्यावर अधिक काळ उघडी राहतात. संदेश पुढे सरकायला वेळ लागतो, पण प्रत्येक लाट लांबते आणि मोठीही होते. त्यामुळे थंड हाताची एक ठळक खूण असते : वेग कमी आणि ॲम्प्लिट्यूड मात्र भरघोस. मज्जातंतूच्या आजारात वेग घटत असताना ॲम्प्लिट्यूड असे वाढत नाही. बहुधा ते टिकते किंवा घसरते. वेग कमी आणि लाट दिमाखदार, असा अहवाल दिसला की आम्ही आधी तापमापक हातात घेतो.

म्हणूनच हाताच्या त्वचेचे तापमान निदान ३२ अंश आणि पायाचे निदान ३० अंश असावे, असा दंडक पाळतात. आपल्या अहवालात तापमानाची नोंद नसेल, तर ती विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि विचारताना संकोच करू नये.

४. हात गरम करण्यात वेळ घालवण्यापेक्षा आकडाच गणिताने दुरुस्त का करत नाहीत?

काही ठिकाणी करतात. पण दुरुस्तीचे सूत्र निरोगी मज्जातंतूंवरून बांधलेले असते, आणि ज्याच्याविषयी शंका आहे तो मज्जातंतू तापमानाला त्याच प्रमाणात प्रतिसाद देईल याची खात्री नसते. शिवाय त्वचा आणि आतला तंतू यांचे तापमान एकच नसते. शेकल्यावर त्वचा लगेच तापते, तंतू मागून तापतो. म्हणून पंजा दोन मिनिटे दिव्याखाली धरून लगेच मोजणे हाही उपाय नव्हे. हात नीट गरम करावा, थोडे थांबावे आणि मगच मोजावे, हेच आमच्या मते योग्य आहे.

५. मी सहा फूट उंच आहे. हातांचे आकडे उत्तम आले, पण पायांचा वेग मर्यादेच्या जरा खाली आहे. काळजी करावी का?

केवळ तेवढ्यावरून नाही. उंच माणसांच्या मज्जातंतूंचा, विशेषतः पायांतल्या मज्जातंतूंचा, वेग बुटक्या माणसांपेक्षा कमी असतो, आणि ही गोष्ट निरोगी लोकांच्या अभ्यासांत वारंवार दिसून आलेली आहे. तिचे मान्य स्पष्टीकरण असे की मज्जातंतू कण्यापासून जितका दूर जातो तितका त्याचा तंतू निमुळता होत जातो, आणि प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे तंतू बारीक झाला की वेग घटतो. उंच माणसाच्या पायाचे टोक कण्यापासून अधिक लांब असल्याने त्याच्या घोट्यापाशी हे निमुळतेपण अधिक असते. लांब पायाचे टोक गारही लवकर पडते, त्यामुळे तापमानाचा परिणाम यात मिसळतो. एकाच माणसाच्या हातांपेक्षा पायांचा वेग कमी का, याचेही उत्तर बव्हंशी हेच आहे.

व्यवहारात अतिशय उंच व्यक्तीच्या बाबतीत नेहमीच्या किमान मर्यादेच्या खाली सेकंदाला २ ते ४ मीटरपर्यंतची घट उंचीच्या खाती जमा धरतात. त्याहून मोठी घट उंचीवर ढकलू नये. उंचीचा आधार घेताना दुसरीही एक अट तपासावी : दोन्ही पाय सारखे संथ आहेत का? उंची दोन्ही पायांना सारखीच लागू असते. एकच पाय मागे पडत असेल तर कारण दुसरे शोधायला हवे. अमेरिकेतील विद्युत्-निदान तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संदर्भमूल्यांत पायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या वेगासाठी वय आणि उंची यांनुसार वेगवेगळे गट दिलेले आहेत. तरीही अनेक ठिकाणी यंत्रात भरलेली एकच मर्यादा पाच फुटांच्या बाईला आणि सहा फुटांच्या पुरुषाला लावली जाते, आणि हे आम्हाला मनापासून खटकते.

६. अहवालात ‘एफ-वेव्ह’ लांबलेली लिहिली आहे. तिचाही उंचीशी संबंध आहे का?

सर्वांत थेट संबंध तिचाच आहे. घोट्यापाशी किंवा मनगटापाशी दिलेला झटका मज्जातंतूतून उलट वर, पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तेथून परत खाली स्नायूपर्यंत येतो. त्या परतीच्या लाटेला एफ-वेव्ह म्हणतात. म्हणजे येथे संपूर्ण अवयवाची लांबी दोनदा कापली जाते. हातात ती साधारण ३२ मिलिसेकंदांच्या आत आणि पायात साधारण ५६ मिलिसेकंदांच्या आत यावी अशी अपेक्षा असते, पण उंच माणसात वेग अगदी उत्तम असूनही केवळ रस्ता लांब म्हणून ती त्यापुढे जाऊ शकते. उंचीची नोंद नसलेला एफ-वेव्हचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. उजव्या-डाव्या बाजूंची तुलना येथेही उपयोगी पडते. प्रश्न ११ पाहावा.

७. वय वाढले की मज्जातंतू किती मंदावतात?

वेग फार हळू घटतो. साठीनंतर ही घट जाणवू लागते आणि ती दर दशकाला अर्धा ते चार मीटर/सेकंद इतकी असू शकते. जाड तंतूंची संख्या कमी होणे आणि मायलिनच्या आवरणात होणारे बदल ही तिची कारणे आहेत. पण वयाचा खरा ठसा संवेदी प्रतिसादांच्या ॲम्प्लिट्यूडवर उमटतो. सत्तरीपर्यंत ते तारुण्यातील आकड्याच्या निम्म्यावर येऊ शकते. तिशीतल्या माणसासाठी आखलेली मर्यादा सत्तरीच्या आजोबांना लावली, तर ठणठणीत माणूसही कागदावर आजारी ठरेल.

८. आईचे वय ७५ आहे. तिच्या पायातील सुरल नर्व्हचा प्रतिसाद ‘मिळाला नाही’ असे लिहिले आहे. म्हणजे ती नर्व्ह मेली का?

नाही, असा अर्थ लगेच काढू नये. सुरल नर्व्ह पिंढरीच्या मागच्या भागातून घोट्याच्या बाहेरच्या बाजूकडे जाते. तिचा प्रतिसाद तरुणपणीही काही मायक्रोव्होल्टचाच असतो. वयानुसार तो उतरतो, त्यात घोट्यावर सूज असेल तर आणखी दबतो, आणि शेवटी यंत्राच्या पार्श्वभूमीवरील गोंगाटात हरवतो. या वयात अन्यथा निरोगी असलेल्या काही व्यक्तींमध्ये तो दोन्ही पायांत मिळत नाही. मात्र एका पायात तो स्पष्ट मिळतो आणि दुसऱ्यात अजिबात नाही, किंवा हातांचे संवेदी प्रतिसादही लयाला गेले आहेत, अशा वेळी केवळ वयाकडे बोट दाखवून थांबू नये. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता तपासून घ्यावी.

९. वजन जास्त असेल तर मज्जातंतू कमजोर होतात का?

लठ्ठपणाने बहुतेक ठिकाणी वेग बदलत नाही, संवेदी प्रतिसादाचे ॲम्प्लिट्यूड बदलते. मज्जातंतू आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये जितका जाड थर, तितकी लाट वर येईतो लहान होते. सडपातळ व्यक्तींच्या तुलनेत लठ्ठ व्यक्तींमध्ये संवेदी ॲम्प्लिट्यूड २० ते ४० टक्क्यांनी कमी आढळले आहे, आणि तंतू मात्र तितकेच असतात. स्नायूचा प्रतिसाद मुळात हजारपट मोठा असल्याने त्याला या थराचा फारसा फटका बसत नाही.

दुसरी अडचण झटका देण्याच्या बाजूची आहे. जाड थराखालील किंवा सुजेखालील मज्जातंतूचे सगळे तंतू जागे करायचे तर अधिक जोराचा झटका लागतो. रुग्ण दचकतो म्हणून तपासणाऱ्याने हात आखडता घेतला, तर निम्मेच तंतू जागे होतात, लाट छोटी येते आणि दोष मज्जातंतूच्या माथी बसतो. लाट वाढायची थांबल्यावरही झटका आणखी २० ते २५ टक्के वाढवून खात्री करणे हा नियम याचसाठी आहे.

या उत्तराला एक महत्त्वाचा अपवाद मनगटाचा आहे. तो प्रश्न १३ मध्ये पाहावा.

१०. माझे आणि माझ्या पत्नीचे वय सारखेच आहे. तिचे बोटांचे आकडे माझ्या जवळजवळ दीडपट कसे?

बोटांच्या घेरामुळे. बोटावरचा प्रतिसाद टिपताना अंगठीसारखी इलेक्ट्रोड बोटाभोवती गुंडाळतात. बोट बारीक असेल तर इलेक्ट्रोड मज्जातंतूच्या अगदी जवळ बसते आणि लाट मोठी येते. घेराचा हिशेब वजा केला की स्त्री-पुरुषांतला हा फरक बराचसा मावळतो, हे १९८० पासून माहीत आहे. वेगातील फरकाचेही तसेच आहे : पुरुषांचे आकडे किंचित कमी दिसतात, पण उंची जमेस धरली की उरणारा फरक फार थोडा असतो. सुतारकाम किंवा शेतीकाम करणाऱ्या, जाड बोटांच्या आणि घट्टे पडलेल्या हातांच्या माणसाचे ॲम्प्लिट्यूड कमी आले, तर आधी त्याच्या हातांकडे पाहावे आणि मग अहवालाकडे.

११. मी उजवा आहे. उजव्या आणि डाव्या हाताच्या आकड्यांत फरक चालतो का?

थोडा फरक नैसर्गिक आहे. ॲम्प्लिट्यूडमध्ये एक बाजू दुसरीच्या निम्म्याखाली गेली, तरच तो फरक सामान्यतः लक्षणीय मानतात. वय, उंची आणि वजन दोन्ही बाजूंना समान असल्यामुळे ही तुलना कोणत्याही छापील मर्यादेपेक्षा अनेकदा जास्त विश्वासार्ह ठरते. फक्त दोन्ही हातांचे तापमान सारखे असावे.

१२. खेळाडूंचा वेग जास्त असतो का? माझी प्रतिक्रिया मंद आहे, म्हणजे एनसीव्ही कमी येईल का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दृश्य पाहून बटण दाबायला निरोगी माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद किंवा अधिक वेळ लागतो. बोटापासून मानेपर्यंतचे सुमारे एक मीटर अंतर ६० मीटर/सेकंद वेगाने कापायला जेमतेम १७ मिलिसेकंद लागतात, आणि मज्जातंतू दहा टक्के संथ असला तरी त्यात दोन मिलिसेकंदांचीही भर पडत नाही. उरलेला सगळा वेळ डोळे, मेंदू आणि स्नायू घेतात. सरावाने प्रतिक्रिया सुधारते ती प्रामुख्याने मेंदूच्या पातळीवर.

१३. कार्पल टनेल तपासताना तापमान, वय, उंची या सगळ्यांचा हिशेब कसा ठेवतात?

याचा उपाय फार सुरेख आहे : त्याच हातातील दुसऱ्या मज्जातंतूशी तुलना. कार्पल टनेलमध्ये मनगटापाशी मीडियन नर्व्ह दबते, पण शेजारची अल्नर नर्व्ह त्या बोगद्यातून जात नाही. अनामिकेला दोन्ही नर्व्हच्या शाखा असतात. मनगटापासून समान अंतरावर आधी एकीला आणि मग दुसरीला झटका देऊन अनामिकेवरची वेळ मोजतात. हात थंड असेल तर दोघीही उशिरा येतील, माणूस वृद्ध असेल तर दोघीही संथ असतील. पण मीडियन तेवढी अर्ध्या मिलिसेकंदाने मागे पडली, तर दोष मनगटातच असण्याची शक्यता फार मोठी असते.

शरीराची ठेवण येथे निराळ्या तऱ्हेने आडवी येते. ज्यांचे मनगट चपटे नसून चौकोनी असते, म्हणजे त्याची जाडी रुंदीच्या ०.७ पटीहून अधिक असते, त्यांच्यात मीडियनची लेटन्सी जास्त आढळते. वजन जास्त असलेल्यांमध्येही मनगटापाशी मीडियन खरोखर मंदावते. प्रश्न ९ मधला अपवाद तो हाच. त्यामुळे त्रास अजिबात नसताना केवळ आकडा किंचित पुढे गेला म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये.

१४. मला कसलाच त्रास नाही, तरी वीस आकड्यांपैकी एक मर्यादेबाहेर आहे. असे का?

मर्यादा ठरवतानाच निरोगी लोकांपैकी सुमारे अडीच टक्के बाहेर राहतील अशी ती आखलेली असते. एकाच माणसाचे वीस वेगवेगळे आकडे मोजले आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर त्यांतला किमान एक बाहेर जाण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के भरते. म्हणून एकट्यादुकट्या ताऱ्याला महत्त्व कमी. एकाच मज्जातंतूचे दोन-तीन आकडे एकाच दिशेने सरकलेले असतील आणि लक्षणेही जुळत असतील, तर मात्र त्याकडे लक्ष द्यावे.

१५. दोन महिन्यांत दोन ठिकाणी तपासले आणि कोपरापाशीचा वेग ५० आणि ४५ आला. आजार वाढला का?

बहुधा फरक टेपचा किंवा कोपराच्या कोनाचा असावा. कोपराभोवतीचे अंतर फक्त दहा सेंटिमीटरचे धरतात. २ मिलिसेकंदांत १०० मिलिमीटर म्हणजे वेग ५०. टेप एक सेंटिमीटर कमी पडला की ९० मिलिमीटर आणि वेग ४५. शिवाय हात सरळ असताना अल्नर नर्व्ह कोपरापाशी सैल, नागमोडी पडलेली असते. त्वचेवरून मोजलेले अंतर तिच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी भरते आणि वेग खोटाच कमी येतो. कोपर ७० ते ९० अंशांत वाकवून मोजले तर हा दोष टळतो. दोन्ही ठिकाणी कोपर कसा ठेवला होता आणि तापमान किती होते, हे कळल्याशिवाय तुलना करू नये.

१६. तपासणीला येताना काय पाळावे?

अंगाला तेल किंवा क्रीम लावून येऊ नये, कारण त्याने इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. बांगड्या, अंगठ्या आणि जोडवी शक्य असल्यास काढून ठेवावीत. थंडीत पायमोजे घालून यावे. आपली उंची आणि वजन सांगावे. कोणी विचारले नाही तरी सांगावे.

१७. सगळे आकडे नॉर्मल आहेत, पण तळपाय जळतात. तपासणी चुकली का?

तपासणी चुकलेली नाही, तिचा आवाका तेवढाच आहे. एनसीव्हीत फक्त जाड, वेगवान तंतू दिसतात. जळजळ आणि उष्णतेची वेदना नेणारे अतिबारीक तंतू सेकंदाला एक-दोन मीटर इतक्या संथ गतीने चालतात आणि त्यांची लाट या पद्धतीत उमटतच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. त्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

१८. कोपरापाशी अल्नरचा प्रतिसाद मनगटापेक्षा बराच लहान आला. ‘ब्लॉक असू शकतो’ असे सांगितले. हेही जन्मजात ठेवणीमुळे होऊ शकते का?

होय. साधारण १५ ते ३० टक्के लोकांच्या अग्रबाहूत मीडियनमधील काही तंतू मध्येच अल्नरमध्ये उडी घेतात. या जोडणीला मार्टिन-ग्रुबर म्हणतात आणि तो आजार नाही. अशा हातात मनगटापाशी अल्नरला झटका दिला तर सगळे तंतू सापडतात, पण कोपरापाशी दिला तर त्यांतले काही अजून मीडियनमध्येच असल्याने लाट लहान दिसते. अडथळा नसतानाही कागदावर अडथळा उमटतो. इलेक्ट्रोड न हलवता कोपरापाशी मीडियनला झटका देऊन पाहिले की ‘हरवलेली’ लाट तिथे सापडते, आणि प्रश्न मिटतो.

पायातही असेच घडते. काहींच्या पेरोनियल नर्व्हची एक जादा शाखा बाहेरच्या घोट्याच्या मागून जाते, त्यामुळे गुडघ्यापाशी दिलेल्या झटक्याची लाट घोट्यापाशी दिलेल्या झटक्याच्या लाटेपेक्षा मोठी येते. तेव्हा घोट्याच्या मागे एक जादा झटका देऊन पाहावा लागतो. त्याला एक मिनिट पुरते.